चावलेल्या पानाचा मध

सायिनला आधी दिसली ती नुसती पाठ.

वरच्या उतारावर, तिच्या चहाच्या झुडपात, कुणीतरी कमरेपर्यंत आत घुसलेलं. ती जवळ गेली तर त्या माणसाच्या तोंडात एक रबरी नळी. नळी एका काचेच्या बाटलीत, आणि बाटलीतनं निघालेली दुसरी नळी पानावर टेकवलेली. आणि हा गडी तोंडाने ओढतोय, जसं पोरं गाडीवर सरबत ओढतात तसं.

आधीच तिचं सकाळपासून कशात मन नव्हतं. बांबूची टोपी डोक्यावर ठेवली तर गरम होत होतं, काढली तर ऊन लागत होतं. त्यात हे.

"ओ साहेब, काय चाललंय?"

ती बोलली म्हणजे काय, अख्खी दरी बोलली. पलीकडच्या भाताच्या खाचरातले बगळे उडाले. तो माणूस दचकला, आणि दचकताना त्याने जोरात श्वास आत घेतला. मग खोकत खोकत बाहेर आला. चष्म्यावर कोळ्याचं जाळं, कानात एक पान.

"गिळला," तो म्हणाला.

"काय गिळलं?"

"तुडतुडा. नळीतली जाळी सैल होती…"

"माझा तुडतुडा?"

"तुमच्या पानावरचा होता. म्हणजे तुमचाच म्हणायचा."

"मग परत करा."

तो तिच्याकडे बघत राहिला. हसावं का पळावं ते त्याला ठरवता येईना. सायिनलाही ठरवता येईना… कारण चष्मा पुसायला त्याने काढला, आणि मागचे डोळे चांगलेच निघाले.

आता दुसरीकडे कुठे किडा गिळला तर लोक पाणी देतील, पाठ चोळतील. बेटाच्या उत्तरेला, पेइपूच्या डोंगरात तसं नाही. इथे तुडतुडा म्हणजे घरचा पाहुणा. उन्हाळ्यात तो येतो, चहाच्या कोवळ्या शेंड्याला तोंड लावतो, पान पिवळं पडतं, आक्रसतं, बघवत नाही असं दिसतं. आणि त्याच पानाचा चहा केला की मधाचा वास. मध न घालता. म्हणून इथे कुणी बागेत औषध मारलं तर शेजारी त्याच्याशी बोलायचं सोडतात.

तो चहाच्या संशोधन केंद्रातून आला होता. नाव बोयान. सायिनच्या वडिलांना, म्हणजे आपांना, रीतसर विचारून आला होता. आपांनी मान हलवली होती आणि मग सगळं विसरून गेले होते. ते तसेच. भात खाल्ला का विचारलं तरी मान हलवायचे, आणि कुणाला कळायचं नाही, हो का नाही.

"कुठले तुम्ही?" सायिनने विचारलं.

"तैनान."

"तरीच. तुम्ही तिकडचे लोक रश्शातसुद्धा साखर घालता. म्हटलं, मधाचा वास शोधत दक्षिणेतनं मुंगी कशी आली."

"पण वास आहे कुठे?" तो म्हणाला. "या उताराला नाहीच, असं तुमचे वडील म्हणाले."

सायिनच्या दुखऱ्या दातावरच बोट ठेवलं होतं त्याने.

कारण हा उतार तिचा होता. सिंचूच्या, संगणकाच्या चिपच्या कारखान्यात चार वर्षं ती पांढरा डगला घालून, डोळे तेवढे उघडे ठेवून उभी राहिली होती. मग एक दिवस घरी आली आणि म्हणाली, मी चहा करते. आपांनी तेव्हा मान हलवली नाही, बोलले. "वरचा उतार घे. तो जमला तर सगळी बाग तुझी. नाही जमला तर तिथे संत्री लावीन, आणि तू आपली कारखान्यात जा." दोन उन्हाळे गेले. खालच्या उताराच्या चहाला मधाचा वास यायचा, वरच्याला ओल्या गवताचा. झाडं तीच, हात तेच, कढई तीच. हा तिसरा उन्हाळा. संत्र्याची रोपं आपांनी सांगूनही ठेवली होती.

"तुम्हाला कारण कळेल?" तिने विचारलं. आवाजातली घाई तिची तिलाच ऐकू आली.

"माहीत नाही," तो म्हणाला. "पण आधी काहीतरी मानून चालावं लागतं. गृहीतक म्हणतात त्याला."

"म्हणजे अंदाजच ना? इस्त्री केलेला."

तो पहिल्यांदा हसला.

*

त्याचा पहिला अंदाज सरळ होता. वर वारा फार. तीन वर्षांपूर्वी वादळात कडेचं बांबूचं बन पडलं, तेव्हापासून आडोसा नाही. म्हणजे वर तुडतुडे कमी, चावे कमी, वास नाही. तो रोज येऊन नळीने ओढायचा, मोजायचा, पानं उन्हात धरून चावे बघायचा. सायिन दर थोड्या वेळाने काहीतरी निमित्त काढून वर. कधी पाणी घेऊन, कधी खारवलेल्या मुळ्याचं ऑम्लेट घेऊन, कधी नुसतीच, कंबरेवर हात ठेवून.

"कळलं का?"

"नाही."

"आता?"

"आत्ताच विचारलंस ना."

अहोचं अगं-अरे कधी झालं ते दोघांनाही आठवत नाही. कुठल्यातरी ऑम्लेटच्या आसपास झालं असावं.

मग एका सकाळी तो खूष होऊन आला. "चुकलो," म्हणाला. "वर तेवढेच चावे आहेत. खालच्यापेक्षा कमी नाहीत."

"अंदाज चुकला, आणि तू हसतोस?"

"एक वाट बंद झाली. आता तिकडे जायला नको."

"तुला काय, तू वाटा मोज. माझ्या दारात संत्री येऊन बसतील."

हे ती म्हणाली, पण तिथेच बसली. झुडपांच्या दोन ओळींमधे, गुडघे जवळ घेऊन. खाली चिऊमेई काकूची टोळी दुसऱ्या कुणाच्या बागेत पानं तोडत होती. फुलाफुलांचे रुमाल बांधलेल्या टोप्या, आणि काकूचं गाणं. काकू तोडणीला लागली की गाणं जागेवर जुळवायची, ज्याला टोचायचं त्याच्यावर. आज गाणं एका चष्मेवाल्यावर होतं. तो रोज डोंगर चढतो, किडे धरतो, आणि खरं पाखरू शेजारी बसलंय ते याला दिसत नाही, असं काहीसं.

"काय म्हणतात त्या?" बोयानने विचारलं. त्याला हाक्का बोली कळत नव्हती.

"चहाचं गाणं आहे."

"मग तू लाल का झालीस?"

"ऊन."

मग एक आक्रसलेला शेंडा तोडून त्याने तिच्या तळव्यावर ठेवला. ठेवताना बोटं टेकली. उचलायला हवी होती तितक्या लवकर उचलली नाहीत…

"तुडतुडा चावतो ना," तो म्हणाला, "तेव्हा झाडाला पळता येत नाही. मारता येत नाही. मग ते आपल्या अंगात काहीबाही तयार करतं आणि वासाने बोंब मारतं. ती बोंब ऐकून कोळी येतात, तुडतुड्यांना धरतात. असं आम्ही मानतो."

"आणि आम्ही ज्याला मध म्हणतो…"

"ती झाडाची बोंब. तुम्ही ती वाळवता आणि पाहुण्यांना पेल्यातनं देता."

सायिनने तळव्यावरचं पान बघितलं. लहानपणापासून हजार वेळा बघितलं होतं. आज पहिल्यांदा तिला वाटलं की हे काहीतरी सांगतंय.

"मग माझी झाडं का गप्प आहेत?" ती हळूच म्हणाली.

तो पानाकडे बघायचं सोडून तिच्याकडेच बघत राहिला. सायिन उठली, कपडे झटकले, आणि उगाचच भरभर उतरून गेली. खाली पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की पाण्याची बाटली वरच राहिली. परत जावं का… नको. जावं… नको. असा तिचा सगळा दिवस गेला.

*

मग आल्या पिशव्या.

बोयानने पातळ जाळीच्या पिशव्या शिवून आणल्या आणि वरच्या उतारावरच्या काही फांद्यांना बांधल्या. लाल दोऱ्याच्या पिशवीत तुडतुडे सोडलेले. पांढऱ्या दोऱ्याच्या पिशवीत एकही नाही. म्हणजे चावलेलं आणि न चावलेलं, शेजारी शेजारी. "पाच-सहा दिवस कुणी हात लावू नका," त्याने सगळ्यांना सांगितलं. सांगितलं त्याच्या भाषेत, आणि चिऊमेई काकू त्याची भाषा कानावर फक्त पडू द्यायची.

तीन दिवसांनी दोघं वर गेले तर सगळ्या पिशव्या उघड्या. नुसत्या उघड्या नाहीत, व्यवस्थित सोडून, घड्या घालून, दगडाखाली ठेवलेल्या. दोरे तेवढे फांद्यांना लोंबत होते.

काकू फणसासारखी टोपली पाठीवर घेऊन समोरून येत होती. चेहऱ्यावर पुण्य केल्याचं समाधान.

"काल संध्याकाळी सोडल्या मी," ती म्हणाली. "कुणी मेल्याने पानं झाकून ठेवली होती गं. बिचारे किडे बाहेर उपाशी बसलेले. काहींना तर आतच कोंडलेलं. असं करतात का कुणी?"

बोयान मटकन खाली बसला. सायिनला ओरडायचं होतं, पण आधी हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. कारण हे गेलं म्हणजे उन्हाळा गेला.

"काकू, त्या याच्या होत्या."

"याच्या? मग याने आधी सांगायचं. मी काय मनातलं ओळखते?" काकूने बोयानकडे बघितलं आणि तिचा आवाज जरा खाली आला. "खरंच फार नुकसान झालं का रे बाबा?"

हे मात्र त्याला भाषेशिवाय कळलं. "नाही काकू," तो म्हणाला. खोटं बोलताना त्याचे कान हलायचे, हे सायिनला त्या दिवशी कळलं.

त्याच दुपारी डोंगरावर गडगडाट झाला आणि पाऊस बसला. उतरला नाही, बसलाच. तोडणी बंद. सायिन ओसरीवरून आत, आतून ओसरीवर. आपा म्हणाले, "पोरी, जमीन झिजेल." बोयान रोज भिजत यायचा, काम काही नसताना. आपा त्याच्यापुढे पानथ्यावचा, म्हणजे तांदळाच्या रुंद शेवयांचा, वाडगा सरकवायचे, तो खायचा, आणि दोघं पुरुष पावसाकडे बघत बसायचे. त्याच बसण्यात एकदा त्याने हळूच सांगितलं, की तोडणी संपली की त्याची थायतुंगला बदली आहे. बेटाच्या पार त्या बाजूला.

"कधी कळलं?" सायिनने विचारलं.

"बरेच दिवस झाले."

"आणि आज सांगतोस." ती उठून आत गेली. भांडी बरीच वाजली त्या दिवशी.

पाऊस थांबला तेव्हा वाया गेलेल्या फांद्यांची पानं टाकून द्यायचं सायिनच्या जिवावर आलं. "फुकट तर फुकट," ती म्हणाली, "सुकवून तर बघू." दोन सुपं घेतली. एकात लाल दोऱ्याच्या फांद्या, एकात पांढऱ्या. ओसरीवर पसरली, थोड्या थोड्या वेळाने हलवली. संध्याकाळी ती वाकली, वास घेतला, आणि तशीच वाकलेली राहिली.

"बोयान."

तो आला. त्याने वास घेतला. लाल सुपात मध. अगदी पुसट, जसा शेजारच्या घरातून यावा तसा. पांढऱ्या सुपात गवत.

"पांढऱ्यात चावे नसणारच," ती म्हणाली.

त्याने एकेक पान उचलून उजेडात धरलं. मग त्याचा हात थांबला. "आहेत. तेवढेच आहेत. काकूने पिशव्या उघडल्या, मग पाऊस कमी होत गेला तसे बाहेरचे भुकेले तुडतुडे आक्रसलेली पानं सोडून या कोवळ्या पानांवर पडले."

"म्हणजे दोन्ही चावलेली…"

"हो. पण लाल आधी चावलेली. काकूने किडे सोडून दिले, मग पावसात ती पानं झाडावरच राहिली, कुणी न छेडता. पांढरी परवा, काल, आज चावलेली. चावे सारखे. फरक फक्त…"

"वेळेचा," सायिन म्हणाली.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. आणि मग तीच बोलत सुटली, थांबेना. बन पडल्यापासून वर वारा, म्हणून तुडतुडे आधी खाली येतात आणि वर शेवटी पोचतात. पोचतात तेवढेच, पण उशिरा. आणि तोडणी? तोडणी आपांच्या वडिलांपासून वरून सुरू होते, कारण टोपली उतारानं खाली न्यायला सोपी. म्हणजे वरचं पान चावलं जातं न जातं तोच आपण ते तोडतो. त्याने बोंब मारायला तोंड उघडायच्या आत.

"हे फक्त गृहीतक आहे," बोयान म्हणाला.

"खोटं ठरायला काय लागेल?"

त्याने तिच्याकडे असं बघितलं, जसं काही कुणी कधी त्याला इतकं गोड काही विचारलंच नव्हतं.

"वरचा उतार शेवटी तोडायचा. खालचा सगळा झाल्यावर. तरी गवतच आलं, तर मी चूक."

"आणि मी कारखान्यात."

"हो," तो म्हणाला. कान हलले नाहीत.

*

आपांचा विरोध होता. ऊन कडक, आक्रसलेलं पान झाडावर वाळून जाईल. टोळी दुसऱ्या बागेत निघून जाईल. "आजवर वरून तोडलं," ते म्हणाले. एवढं बोलणं म्हणजे त्यांचं भाषणच.

"आपा, उतार माझा आहे ना, या उन्हाळ्यापुरता?"

आपांनी मान हलवली. हो का नाही, तिने विचारलंच नाही. टोळीचा प्रश्न चिऊमेई काकूने सोडवला. "मी थांबते," म्हणाली. "मी थांबले की बाकीच्या थांबतात."

ते वाट बघण्याचे दिवस सायिनला कारखान्यातल्या चार वर्षांपेक्षा मोठे गेले. ती पहाटे वर जायची, दुपारी जायची, पानं बघायची. काही शेंडे खरंच वाळायला लागले होते. दोनदा तिने हात पुढे केला. दोनदा बोयानने नुसतं तिचं मनगट धरलं. दुसऱ्यांदा लवकर सोडलं नाही.

"तू कधी काही पक्कं बोलतोस का रे?" ती म्हणाली.

"पुरावा असला की."

"आणि नसला की?"

"तर…" खालून काकूचं गाणं सुरू झालं होतं. या वेळी त्याने अर्थ विचारला नाही. बहुतेक भाषा थोडी थोडी कळायला लागली होती.

शेवटी तोडलं. एक शेंडा, दोन पानं, बोटांच्या टोकांनी. वाळलेलं बाजूला टाकलं, ते बरंच निघालं. उन्हात कोमेजवलं, सुपांत हलवलं. सकाळी कढई तापली आणि आपा स्वतः कढईपाशी उभे राहिले. पानं कढईत पडली, वाफ वर आली, आणि आपांचा हात क्षणभर थांबला.

सायिनने वास घेतला नाही. तिची हिंमतच झाली नाही. ती आपांच्या चेहऱ्याकडे बघत होती.

आपांनी पानं ओल्या फडक्यात बांधली, मळली, वाळवायला टाकली. मग पहिला पेला ओतला, प्यायले. दुसरा ओतला, तिच्यापुढे सरकवला.

मध होता. पुसट नाही, भरलेला, नाकातून घशात उतरणारा.

"रोपवाल्याला नको म्हणून सांगून येतो," आपा म्हणाले आणि स्कूटरची किल्ली घेऊन गेले. दारात थांबून बोयानला म्हणाले, "बस तू." म्हणजे किती बसायचं ते काही सांगितलं नाही.

ओसरीवर दोघंच राहिले.

"एका वर्षावरून सिद्ध होत नाही," बोयान म्हणाला. "पुढच्या उन्हाळ्यात परत बघावं लागेल. त्याच्या पुढच्याही. कदाचित वाऱ्याचा काही…"

"बोयान."

"हं."

"पानाला दिला वेळ. माणसाला देणार नाही. बोल."

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. परत काढला.

"केंद्राने मला फक्त तुडतुडे मोजायला पाठवलं होतं," तो म्हणाला. "ते पहिल्या काही दिवसांतच मोजून झाले होते. पिशव्या बांधायला मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या मी रात्री बसून शिवल्या. इथे यायला… काहीतरी कारण पाहिजे होतं."

सायिन त्याच्याकडे बघत राहिली. ज्या पिशव्यांनी तिचा उतार वाचवला, त्यांच्यामागे विज्ञान नव्हतंच तर. होता हा माणूस, सुईदोरा घेऊन बसलेला.

"सगळ्या?" तिने विचारलं.

"सगळ्या. टाके वाकडे आलेत, बघितलेस ना?"

तिने हसू दाबायचा प्रयत्न केला, जमला नाही. मग सरकून त्याच्या शेजारी बसली. खांद्याला खांदा लागला आणि या वेळी कुणी उठून भरभर खाली गेलं नाही.

"थायतुंगला परवा निघायचंय," तो म्हणाला. "महिन्यातनं एकदा इकडे यायचं म्हटलं, तर साहेबांना काय सांगू, तेच सुचत नाही. हिवाळ्यातल्या झाडांचं काहीतरी…"

"तुला यायला कारण लागतं," सायिन म्हणाली. तिने आपला पेला त्याच्या हातात दिला आणि हात तिथेच ठेवला. "मला नाही लागत. तू जा. मी तशीच येईन."